सिनेमाला जाणे : माणदेशातील सहदर्शनाचा इतिहास आणि ‘आभासी’ प्रेक्षागृह

प्रस्तुत विवेचनास एका वाक्याने प्रारंभ झाला. माणदेशी बोलीतील क्रियापदरूपांचा संग्रह करण्याचे काम आमच्या पदव्युत्तर वर्गातील एका विद्यार्थ्याकडे सोपविले होते. मूळचे आटपाडीच्या परिसरातील, परंतु पोटासाठी परमुलखी गेलेले जे भाषक आहेत, त्यांची वाक्ये त्याने टिपून आणली. त्यांतील एक वाक्य असे होते : ‘रातच्याला आमी दोघं पिच्चरला गेलतो.’ ‘गेलतो’ हे ‘गेलो होतो’चे संकुचित रूप सातारा-सांगली भागात सर्वत्र ऐकू येते; त्यात नवल नाही. नवल पुढे होते. हा भाषक कोइमतूर येथे राहतो आणि ‘दोघं’ ह्या शब्दातील दुसरा पुण्यात. त्या रात्री दोघांपैकी कोणीही आपल्या खोलीबाहेर पाऊल टाकले नव्हते. दोघांनी डोळ्यांवर हेडसेट चढविला, संगणकाने रचलेल्या एका चित्रगृहात शेजारशेजारच्या आसनांवर ते ‘बसले’, चित्रपट पाहिला, मधूनमधून एकमेकांशी बोलले आणि उठून गेले. विद्यार्थ्याच्या तक्त्यात दोन रकाने होते, एक अभिधेचा व एक लक्षणेचा. त्याचा प्रश्न एवढाच, की हे वाक्य कोणत्या रकान्यात लिहावे?

प्रश्न वरकरणी क्षुल्लक आहे. परंतु त्याचे उत्तर देण्यासाठी ‘सिनेमाला जाणे’ म्हणजे मराठी माणसाने आजवर नेमके काय केले, हे पाहावे लागते. आणि ते पाहू गेल्यास आपण व्याकरणातून निघून इतिहासात येऊन पोहोचतो.

प्रथम क्रियापदाचा विचार करू. मराठीत आपण लग्नाला जातो, जत्रेला जातो, कीर्तनाला जातो, नाटकाला जातो, मयताला जातो. ह्या सर्व प्रयोगांत ‘-ला’ हा प्रत्यय केवळ स्थळ दाखवीत नाही. जेथे माणसे जमलेली आहेत अशा प्रसंगात सामील होणे, असा त्याचा अर्थ आहे. ‘सिनेमाला जाणे’ हा प्रयोग ह्याच पंक्तीत येऊन बसला, ह्याचे कारण सिनेमा मराठी मुलखात आला तो जत्रेच्या, नाटकाच्या आणि कीर्तनाच्या सोबतीने. दूरचित्रवाणी आली तेव्हा ‘टीव्हीला जाणे’ असा प्रयोग रूढ झाला नाही. ज्यांच्या घरी संच नव्हता ते शेजाऱ्याकडे ‘टीव्ही बघायला’ जात. रविवारी सकाळी १९८७-८८ मध्ये रामायणाची मालिका लागे तेव्हा एकेका घरात अर्धी आळी लोटे, तरीही भाषेने तेथे ‘टीव्हीला’ म्हटले नाही. पुढे संच घरोघर झाला आणि ‘टीव्ही लावणे’ हे क्रियापद आले. दिवा लावावा तसा. मोबाइलच्या बाबतीत तर ‘बघत बसणे’ ह्या संयुक्त क्रियापदाखेरीज दुसरे काही फारसे ऐकू येत नाही, आणि त्यातील ‘बसणे’ बहुधा तक्रारीच्या सुरात येते. ह्या पार्श्वभूमीवर कोइमतूरच्या तरुणाने हेडसेट चढवून केलेल्या क्रियेला ‘जाणे’ म्हणावे, दर्शनक्रियेला पुन्हा चतुर्थी लावावी, ही घटना ध्यानात घेण्याजोगी आहे.

ह्याउलट ज्या संज्ञेने आपण ह्या तंत्राचा निर्देश करतो, ती ‘आभासी वास्तव’ ही संज्ञा त्या तरुणाच्या अनुभवाला आधीच खोटे ठरवून मोकळी होते. इंग्रजीतील मूळ शब्द ‘गुण, सामर्थ्य’ अशा अर्थाच्या लॅटिन शब्दावरून आला असून ‘नावाने नव्हे, पण परिणामाने तेच’ असा त्याचा आशय आहे. संगणकाच्या फार पूर्वी, १९३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात फ्रेंच रंगकर्मी आंतोनँ आर्तो ह्याने हा शब्दप्रयोग केला तो रंगभूमीसंबंधी. संगणकाच्या संदर्भात तो लोकप्रिय केला १९८० नंतरच्या दशकात जॅरन लॅनियर ह्याने. मराठीतील ‘आभास’ मात्र हेत्वाभास, रसाभास, चिदाभास अशा कुळातला आहे. हेतूसारखा दिसतो पण हेतू नव्हे, तो हेत्वाभास. म्हणजे मूळ शब्द सामर्थ्यावर बोट ठेवतो आणि आपला प्रतिशब्द वैगुण्यावर. परिभाषाकारांना दोष द्यावा असे येथे नाही. त्यांनी ‘आभासी’ हा शब्द भौतिकशास्त्रातून घेतला असावा, आणि तेथे तो अगदी चपखल आहे.

शाळेत आपण सर्वांनी वास्तव प्रतिमा व आभासी प्रतिमा ह्यांतील भेद पाठ केला आहे. जी पडद्यावर घेता येते ती वास्तव, जी घेता येत नाही ती आभासी. ह्या कसोटीने चित्रगृहातील चित्र ही वास्तव प्रतिमा होय : प्रकाश खरोखरच कापडावर येऊन पडतो. हेडसेटमध्ये डोळ्यांपुढे दोन लहान पडदे भिंगाच्या नाभीय अंतराच्या आत ठेवलेले असतात, म्हणून भिंगातून दिसणारे मोठे, दूर भासणारे चित्र ही आभासी प्रतिमा. हा भेद केवळ परीक्षेपुरता नाही. वास्तव प्रतिमा पडद्यावर एकदा पडली की ती तेथे बसलेल्या सर्वांची होते. कोणाला दाखवावयाची व कोणाला नाही, हे तिच्या हाती राहत नाही. आरशातील आभासी प्रतिमाही अनेकांना दिसते हे खरे. परंतु डोळ्याला भिडलेल्या भिंगातील प्रतिमा त्या एका डोळ्याचीच असते. सबंध सहदर्शनाचा इतिहास ह्या दोन प्रकारच्या प्रतिमांमध्ये हेलकावे खात आला आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

‘चित्रपट’ हा शब्दच पाहा. आज तो आपल्याला फिल्मचा प्रतिशब्द वाटतो. सावरकरांनी तो ह्या अर्थाने रूढ केला असे सांगितले जाते. पण संस्कृतात चित्रपट म्हणजे चित्रे काढलेले कापड. ‘मुद्राराक्षसा’त चाणक्याचा हेर यमपट घेऊन घरोघर हिंडतो, चित्रे दाखवून गाणी म्हणतो आणि त्या मिषाने घराघरांतील बातमी काढतो. पाहणाऱ्यांवर पाळत ठेवणारा दाखविणारा, ही कल्पना किती जुनी आहे हे ध्यानात यावे म्हणून हा उल्लेख. पुढे त्याचे काम पडेल. कुडाळजवळच्या पिंगुळी येथील ठाकर समाजाने चित्रकथीची परंपरा आजतागायत राखली आहे, आणि त्या परंपरेतील परशुराम गंगावणे ह्यांना २०२१ मध्ये पद्मश्रीने गौरविण्यात आले. चित्रकथीत चित्र हातात धरण्याएवढे असते. ते सर्वांना दिसावे म्हणून माणसे जवळ सरकतात. चित्र लहान असल्यामुळे समुदाय घट्ट होतो, ही गोष्ट मोठ्या पडद्याच्या अभिमान्यांनी विसरू नये.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन ह्यांनी व त्यांच्या पुत्रांनी ‘शांबरिक खरोलिका’ ह्या नावाने जादूच्या दिव्याचे खेळ केले. काचेवर हाताने रंगविलेली चित्रे, ती हलल्याचा भास व्हावा म्हणून योजलेल्या युक्त्या, आणि सोबत निवेदन व संगीत, असे त्यांचे स्वरूप होते. ‘शांबरी’ म्हणजे शंबरासुराची माया. मायेला माया म्हणूनच जाहीर करणारे आणि तरीही गर्दी खेचणारे हे नाव ‘आभासी’पेक्षा पुष्कळच रसिक होते, असे माझे मत आहे. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंचे चलच्चित्र दाखविले गेले, १८९९ मध्ये हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ह्यांनी कुस्तीचे चित्रण केले, आणि ३ मे १९१३ रोजी दादासाहेब फाळके ह्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. हा क्रम सर्वपरिचित आहे. त्याचा विस्तार येथे करीत नाही.

त्यामानाने कमी परिचित अशी एक गोष्ट आहे. चलच्चित्राचा जन्म सामूहिक नव्हता. एडिसनच्या यंत्राची जी दालने १८९४ पासून न्यूयॉर्क येथे सुरू झाली, त्यांत एका पेटीला एक प्रेक्षक असे. छिद्राला डोळा लावावयाचा आणि एकट्याने पाहावयाचे. ल्युमिएर बंधूंनी १८९५ च्या डिसेंबरात तीच गोष्ट पडद्यावर टाकली आणि सिनेमा सभेचा विषय झाला. आपल्याकडे जत्रेतील बायस्कोपची पेटी ही ह्या दोहोंच्या मधली अवस्था होय. पत्र्याच्या पेटीला ओळीने भिंगे बसविलेली असत. प्रत्येक पोर आपापल्या भिंगाला डोळा लावी, आत स्वतःपुरतेच चित्र पाही. परंतु खांद्याला खांदा भिडलेला असे, पेटीवाल्याचे गाणे सर्वांच्या कानी एकच असे, आणि शेजाऱ्याने ‘आयो!’ म्हटले की आपल्या भिंगातही आता काहीतरी येणार हे कळे. दृष्टी एकाकी आणि श्रवण सामुदायिक, अशी ती रचना होती. आजचा हेडसेट ही त्या पेटीचीच संतती आहे. फक्त खांदा गेला आहे.

आता तंबूकडे वळू. आटपाडी, खरसुंडी, म्हसवड, दिघंची हा सगळा पर्जन्यछायेतील मुलूख. येथले सामाजिक जीवन पेठेपेक्षा जत्रेभोवती अधिक फिरत आले. आटपाडीच्या उत्तरेश्वराची कार्तिकातील यात्रा शेळ्यामेंढ्यांच्या बाजारासाठी प्रसिद्ध, खरसुंडीची सिद्धनाथाची यात्रा खिलार जनावरांसाठी. अशा जत्रांच्या साखळीने फिरणारे तंबू, म्हणजे टुरिंग टॉकीज, हीच पश्चिम महाराष्ट्रातील असंख्य खेड्यांची पहिली चित्रगृहे. सामान ट्रकवर लादलेले, प्रक्षेपणयंत्र बहुधा ट्रकमध्येच बसविलेले, विजेसाठी जनित्र, आणि दिवसभर ध्वनिक्षेपकावरून चाललेला पुकारा. आत बसावयाचे ते जमिनीवर. बहुतेक तंबूंत एकच यंत्र असल्यामुळे रीळ संपले की ते बदलेपर्यंत खेळ थांबे. हा थांबा तांत्रिक दोष म्हणून नोंदविला जातो. समाजेतिहासाच्या दृष्टीने तो खेळाचाच भाग होता. त्या काही मिनिटांत पुढे काय होणार ह्याची चर्चा होई, ओळखीपाळखी निघत, सोयरिकीचा विषयही निघे. कापड विरळ असेल तर चित्र पडद्याच्या मागल्या बाजूनेही दिसे, मात्र उलटे. नायक तेथे डाव्या हाताने तलवार चालवी. प्रतिमा वास्तव असल्याचा हा आणखी एक पुरावा.

ह्या तंबूचे गुणगान करताना संयम ठेवणे आवश्यक आहे. स्त्रिया व पुरुष ह्यांच्यामध्ये दोर किंवा कनात असे. आणि जत्रा ही गावाची होती, म्हणजे गावाची जी उतरंड तीच जत्रेची. आटपाडीच्याच महारवाड्यात १९२१ मध्ये जन्मलेले शंकरराव खरात ह्यांचे ‘तराळ अंतराळ’ हे आत्मकथन (१९८१) ज्याने वाचले आहे, त्याला माणदेशी गावातील ‘एकत्र’ ह्या शब्दाच्या मर्यादा निराळ्या सांगावयास नकोत. देवळाच्या आवारात जन्म विचारला जाई. तंबूच्या दारात निदान तत्त्वतः तरी तिकीट विचारले जाई, आणि आत गेल्यावर अंधार सर्वांचा सारखा होता. हे समतेचे राज्य होते असे मी म्हणत नाही. पण पैसे मोजून अंधारात जागा मिळते ही गोष्ट त्या मुलखात नवी होती. सहदर्शनाच्या प्रत्येक साधनाला हा प्रश्न विचारला पाहिजे, की ते कोणाला आत घेते आणि दारात काय विचारते. तंबूने काही आणे विचारले. हेडसेट कित्येक हजार रुपये, वेगवान जाळे आणि स्वतंत्र खोली विचारतो. ह्यांपैकी स्वतंत्र खोली हीच माणदेशी घरात सर्वांत दुर्मिळ वस्तू असेल.

आटपाडीचा चित्रपटाशी आणखी एक संबंध आहे, आणि तो प्रस्तुत विषयाला फार जवळचा आहे. आटपाडी त्या वेळी औंध संस्थानात होती. बाळासाहेब पंतप्रतिनिधींच्या कारकीर्दीत १९३९ च्या सुमारास आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही खुल्या कैद्यांची वसाहत सुरू झाली; तिच्या कल्पनेत मॉरिस फ्रीडमन ह्या पोलिश अभियंत्याचा मोठा वाटा होता. गंभीर गुन्ह्यांसाठी शिक्षा झालेली माणसे तेथे तटबंदीविना राहिली, शेती करू लागली, कुटुंबासह नांदली. संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले, त्याचा आटपाडी भाग १९४९ पासून दक्षिण सातारा जिल्ह्यात गेला आणि १९६० मध्ये त्या जिल्ह्याचे नाव सांगली झाले. वसाहत मात्र टिकली. शेटफळे येथे १९१९ मध्ये जन्मलेले ग. दि. माडगूळकर ह्यांनी हा विषय कथेत आणला आणि व्ही. शांताराम ह्यांनी त्यावर ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) काढला. राष्ट्रपतींचे सुवर्णपदक व १९५८ च्या बर्लिन महोत्सवातील रौप्य अस्वल हे त्याचे सन्मान. म्हणजे बर्लिनच्या प्रेक्षकाने आटपाडीच्या माळावरचा प्रयोग पाहिला, तोही आटपाडीस न येता. आणि ज्यांच्या शिवारात तो प्रयोग प्रत्यक्ष चालू होता, त्यांनी पैसे देऊन पडद्यावर पाहिला तो त्याचा अवतार. वसाहतीचा रस्ता त्यांच्या पायाखालचाच होता. ह्यांत समक्ष कोण आणि परोक्ष कोण?

‘परोक्ष’ ह्या शब्दाने मराठीत एक विलक्षण गोंधळ घातला आहे. अक्षाच्या, म्हणजे डोळ्याच्या, पलीकडचे ते परोक्ष. म्हणून ‘माझ्या पाठीमागे’ ह्या अर्थी ‘माझ्या परोक्ष’ हा प्रयोग शुद्ध. परंतु बोलणारे सर्रास ‘माझ्या अपरोक्ष’ म्हणतात, ज्याचा व्युत्पत्तीने अर्थ ‘माझ्या डोळ्यांदेखत’ असा होतो. शुद्धिवादी ह्यावर रागावतात. मलाही पूर्वी राग येई. आता वाटते की समोर असणे व नसणे ह्यांतील सीमा मराठी माणसाला शब्दात नीट राखता आली नाही, हे कदाचित त्या सीमेच्याच स्वभावाचे लक्षण असेल. पाणिनीने भूतकाळाचा एक स्वतंत्र लकार बोलणाऱ्याला परोक्ष असलेल्या घटनांसाठी राखून ठेवला होता. तो नियम आज लागू करावयाचा झाल्यास चित्रपटातील युद्धाचे वर्णन कोणत्या लकारात करावे, हा प्रश्न कोणा वैयाकरणाने अवश्य हाती घ्यावा.

अरबीतून आलेला ‘हजर’ हा शब्द अधिक व्यवहारी आहे. सातारा-पुणे-सांगली पट्ट्यातील जत्रांत रात्रीचा तमाशा झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी फडाचा जो कार्यक्रम होतो त्याला ‘हजेरी’ म्हणतात. जत्रेच्या पत्रिकेवर ‘तमाशाच्या हजेऱ्या’ असे छापलेले असते. हजेरी ही नुसती असत नाही, ती ‘लावावी’ किंवा ‘द्यावी’ लागते. शरीर वर्गात असूनही हजेरी न लावलेला विद्यार्थी गैरहजर ठरतो, हे अध्यापकांना सांगावयास नको. उपस्थिती ही शरीराची अवस्था नसून केलेली कृती आहे, असे हा शब्द सुचवितो.

ह्या दृष्टीने हेडसेटच्या इतिहासातील महत्त्वाचा टप्पा चित्राचा नसून सोबतीचा आहे. दोन डोळ्यांना किंचित भिन्न चित्रे दाखविली की खोली भासते, हे व्हीटस्टन ह्याने १८३८ मध्येच दाखवून दिले होते. मॉर्टन हायलिग ह्याने १९६२ मध्ये एकट्या प्रेक्षकासाठी चित्र, आवाज, वारा व गंध देणाऱ्या यंत्राचे एकस्व मिळविले. आयव्हन सदरलँड ह्याने १९६८ मध्ये डोक्यावर बसविण्याचा संगणकीय पडदा सिद्ध केला. ही सर्व एकट्याची यंत्रे. २०१४ मध्ये फेसबुकने ऑक्युलस ही कंपनी विकत घेतली आणि त्यानंतरच्या काही वर्षांत अशा जागा निघाल्या, की जेथे दूरदूरची माणसे चित्ररूपाने एकत्र येऊन बोलू शकतात. ‘बिगस्क्रीन’ ही त्यांपैकी खास सहदर्शनासाठीची : तीत पडदा आहे, खुर्च्यांच्या रांगा आहेत, दिवे मंद होतात, आणि डावीकडे बसलेल्या मित्राचा आवाज डाव्या कानाला अधिक येतो. एवढ्या प्रगत यंत्राने शेवटी रचले काय, तर एक चित्रगृह. तेही खुर्च्यांसह, ज्यांवर कोणीच टेकत नाही. पेटीतून पडद्याकडे आणि पडद्याकडून पुन्हा पेटीकडे आलेल्या प्रतिमेने पेटीच्या आत पडदा टांगला, असा हा इतिहासाचा वळसा आहे.

विद्यार्थ्याच्या आग्रहावरून प्रस्तुत लेखकानेही तो प्रयोग एकदा करून पाहिला. पंधरा मिनिटांत मानेला ओझे जाणवू लागले, आणि शेजारच्या आकृतीच्या खांद्यावर हात ठेवावयास गेलो तो हात आरपार गेला. पण अधिक लक्षणीय गोष्ट संभाषणाची होती. माणसे बोलताना एकाचे संपणे व दुसऱ्याचे सुरू होणे ह्यांत सरासरी सुमारे एक पंचमांश सेकंदाचेच अंतर असते, असे दहा भाषांच्या २००९ मधील एका तौलनिक अभ्यासात आढळले होते. जाळ्यावरून येणाऱ्या आवाजाला त्याहून जरासा अधिक विलंब झाला तरी बोलणारे अडखळतात, एकमेकांना ‘तू बोल, तू बोल’ म्हणू लागतात. तंबूत तर पाळी ही गोष्टच नव्हती. खलनायकाला सारे एकदम शिव्या देत. हेडसेटमध्ये एकदम शिव्या देता येत नाहीत. मित्राचे हसू आपल्या हसण्याच्या किंचित मागून येते, आणि ज्याला ते ऐकू येते त्याला आपला विनोद उशिरा कळल्यासारखे वाटते. ही उणीव यंत्र सुधारले की कमी होईल. मला ती नोंदवावीशी वाटली, कारण सोबत ही दृश्यापेक्षा कालाची गोष्ट आहे, हे तिच्यामुळे ध्यानात येते.

मग त्या कोइमतूरच्या तरुणाला ‘जाण्या’ची एवढी निकड का वाटली? ह्याचे उत्तर माणदेशाच्या स्थलांतरात आहे. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ ह्या दुष्काळी तालुक्यांतील सहस्रावधी कुटुंबे गेल्या काही पिढ्यांत सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यानिमित्त देशभर पांगली. दक्षिणेतील क्वचितच एखादे मोठे शहर असे असेल, की ज्याच्या सराफी गल्लीत मूस आणि भट्टी घेऊन बसलेला ह्या भागातला माणूस सापडणार नाही. घरात मराठी, दुकानात तमिळ अथवा मल्याळम, आणि जत्रेला जमेल तेव्हा गावी. अशा माणसाच्या जीवनात मित्राशेजारी बसणे ही वर्षाकाठी एकदोनदा येणारी गोष्ट. त्याच्या वाक्यातील ‘आमी दोघं’ हे शब्द ह्या संदर्भात वाचावयास हवेत. मराठीत ‘आम्ही’ ऐकणाऱ्याला वगळते व ‘आपण’ त्याला सामावून घेते. हा भेद इंग्रजीत नाही. तंबूतील समुदाय ‘आपण’चा होता : कोण येऊन शेजारी बसेल हे कोणाच्या हाती नव्हते. हेडसेटमधील बैठक बहुधा ‘आम्ही’ची असते, दार बंद करून, ठरवून, निवडून. अनोळखी माणसे भेटतील अशाही जागा आहेत, परंतु दूर गेलेल्याला अनोळखी माणसांची टंचाई नसते.

ह्या नव्या बैठकीच्या मालकीचा प्रश्नही उरतोच. तंबूवाला खेळ संपला की तंबू उचले, पण पुढल्या जत्रेला तोच किंवा दुसरा कोणी येई. जागा गावाची होती. ‘आल्टस्पेस’ ही भेटीगाठींची आभासी जागा तिच्या मालक कंपनीने १० मार्च २०२३ रोजी बंद केली, तेव्हा तेथे नेहमी जमणाऱ्यांजवळ माळरानसुद्धा उरले नाही. शिवाय हेडसेटमधील प्रेक्षक कोठे मान वळवितो हे यंत्राला कळावेच लागते. त्याविना चित्र हलणार नाही. यमपटवाल्या हेराला घराघरांत शिरावे लागे. येथे पाहणाराच त्याला डोळ्यांपाशी बांधतो.

तंबूंचे पुढे काय झाले ते थोडक्यात सांगतो. प्रथम व्हिडिओने, मग उपग्रह वाहिन्यांनी त्यांचा प्रेक्षक नेला, आणि फितीवरचे चित्रपट येणे बंद होऊन अंकीय प्रक्षेपण आले तेव्हा बहुतेकांची जुनी यंत्रे निरुपयोगी झाली. शर्ली अब्राहम व अमित मधेशिया ह्यांनी महाराष्ट्रातील अशा फिरत्या चित्रगृहांवर केलेला ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा अनुबोधपट २०१६ मध्ये कान महोत्सवात दाखविला गेला. म्हणजे तंबूही शेवटी पडद्यावर गेला.

सांगली जिल्ह्यातच, कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव येथे ऑगस्ट २०२२ पासून सायंकाळी सात वाजता भोंगा वाजतो व दीड तास गावातील दूरचित्रवाणी आणि मोबाइल बंद ठेवले जातात. मुलांनी अभ्यास करावा आणि माणसांनी एकमेकांशी बोलावे, हा त्यामागील हेतू. पडदे बंद करण्यासाठी भोंगा वाजविणारे हे गाव आणि खेळ सुरू होतो आहे म्हणून भोंगा वाजविणारा तंबू, ह्यांत सत्तरएक किलोमीटरांचेच काय ते अंतर असेल. दोघांची चिंता एकच, माणसे एका वेळी एका जागी यावीत. परंतु वडगावचा नियम गावात असलेल्यांना लागू होतो. जो गलाईच्या दुकानात कोइमतूरला आहे, त्याच्यासाठी पडदा बंद होणे म्हणजे गाव बंद होणे. त्याला हा भोंगा काय सांगणार?

आता मूळ प्रश्नाकडे. लक्षणेची पहिली अट मुख्यार्थाचा बाध. गंगेवर घोष वसला आहे असे म्हटले की प्रवाहावर वस्ती संभवत नाही, म्हणून आपण तीराचा अर्थ घेतो. ‘पिच्चरला गेलतो’ ह्या वाक्यात बाध कोठे आहे, हे मी विद्यार्थ्याला शोधावयास सांगितले. ‘जाणे’ म्हणजे शरीराने स्थलांतर करणे असे मानले, तर बाध स्पष्ट आहे. ‘जाणे’ म्हणजे प्रसंगात सामील होणे, जसे लग्नाला किंवा कीर्तनाला, असे मानले तर बाध दिसत नाही. तो म्हणाला, की भाषकाला हे त्याने विचारले होते. उत्तर मिळाले ते असे, की त्या रात्री चित्रपट अर्ध्यावर आला असता पुण्याच्या मित्राला घरातून कोणीतरी हाक मारली आणि तो हेडसेट काढून निघून गेला. खुर्चीवर त्याची आकृती तशीच बसून होती, मान एका बाजूला कललेली. ‘त्यो गेल्यावर मग मीबी उठलो,’ असे भाषक म्हणाला, ‘एकट्यानं कशाला बसायचं?’

विद्यार्थ्याने हे दुसरे वाक्यही तक्त्यात घेतले आहे. ‘गेल्यावर’ आणि ‘उठलो’ ही दोन्ही रूपे त्याने अभिधेच्या रकान्यात लिहिली असून, त्याआधारे पहिल्या वाक्याचीही जागा तीच ठरविली आहे. मी ती खोडलेली नाही. खरसुंडीच्या पुढील यात्रेच्या वेळी गावी परतलेल्या गलाई कुटुंबांकडून अशी आणखी वाक्ये मिळविण्याचे ठरले आहे. त्यासाठीच्या प्रश्नावलीत ‘जाणे’, ‘बसणे’, ‘भेटणे’ व ‘उठणे’ ह्या चार क्रियापदांचा समावेश केला असून ‘स्पर्श’ हा विषय स्वतंत्र ठेवला आहे.